बस, खाना अच्छा होना

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले ते 2019 च्या सप्टेंबरात. मुलगा पैनगंगेपलीकडचा, उमरखेडच्या बाजूचा. आमच्या हदगावहून फार लांब नाही. पण नदी ओलांडली की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो, तेवढेच काय ते परके. माणसे साधी, दीनदार. जहेजचा विषय आम्ही काढायच्या आतच मुलाच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "हमकू कुछ नक्को. पलंग नक्को, गाडी नक्को. अल्ला का दिया सब है. बस, खाना अच्छा होना."

अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या रात्री तिने शुक्राच्या दोन रकात जास्त पढल्या. मोहल्ल्यातही बातमी पसरली की मास्तरच्या बहिणीला फुकटात सोन्यासारखे स्थळ मिळाले. आम्हीही चार दिवस हवेत होतो. (लिहिताना 'आम्ही' म्हणतो याचे वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. घरात 'हम' बोलत वाढलेल्या माणसाला मराठीतही 'मी' म्हणणे जड जाते. आणि लग्नाच्या हिशेबात एकट्याचे असे काही नसतेच.)

पाचव्या दिवशी कागद घेऊन बसलो, तेव्हा त्या चार शब्दांचे वजन कळले. बारात तीनशे माणसांची सांगितली होती. आमची दोनशे. नांदेडच्या एका केटररकडे गेलो. त्याने छापील कार्डच पुढे ठेवले : मटण बिर्याणी, चिकन सिक्स्टी फाय, मटण मसाला, रुमाली रोटी, दोन प्रकारचे मीठे, आईस्क्रीम, पानाचा स्टॉल. ताटाला तीनशे रुपये. पाचशे ताटांचे दीड लाख. आम्ही उर्दू माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत शिकवतो. बी.एड. करूनही त्या वर्षी महिना साडेसहा हजार मिळत होते आणि तेही दर महिन्याला मिळतील असे नव्हते. म्हणजे एका दुपारच्या जेवणाला आमचे तेवीस महिने.

वलीमा मुलाकडचा असतो. तो सुन्नत आहे आणि ऐपतीप्रमाणे करायचा आहे. निकाहच्या दिवशी मुलीकडच्यांनी शेकडो माणसांची बारात जेवू घातलीच पाहिजे, असे कुठल्या किताबात लिहिले आहे ते आम्हाला आजवर कोणी दाखवले नाही. पण रिवाज असा की त्याला किताब लागत नाही. जहेजविरुद्ध जलसे झाले, तकरिरी झाल्या, पोस्टर लागले. त्याचा परिणामही थोडाफार झाला. पण जहेज दारातून गेले आणि खाना खिडकीतून आत आला. 'खाना अच्छा होना' यात मागणाऱ्याला मागितल्यासारखे वाटत नाही, हीच त्यातली खुबी.

मामूंनी जामीन राहायचे कबूल केले. पतसंस्थेतून कर्जाचा फॉर्म आणला, भरला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. सही तेवढी बाकी होती.

दिवाळीच्या सुट्टीत कपड्यांसाठी औरंगाबादला गेलो. 2023 पासून या शहराचे नाव कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर आहे. आम्ही गेलो तेव्हा एसटीवर, स्टेशनवर औरंगाबादच होते. लग्नाचा जोडा औरंगाबादचा असावा, ही अम्मीची जुनी हौस. आदल्या संध्याकाळी एसटीने नांदेडला जाऊन नातेवाइकाकडे मुक्काम केला आणि सकाळी मराठवाडा एक्सप्रेस पकडली. अम्मी, पत्नी, बहीण आणि आम्ही, असे चौघे. परभणी, जालना करत पोचलो तेव्हा ऊन चढले होते. गुलमंडीला दोन तास, सिटी चौकात एक तास. जोडा मिळाला, अम्मीने ठरवल्यापेक्षा सहाशे रुपये जास्त गेले आणि सगळ्यांना सपाटून भूक लागली.

शहागंजच्या घंटाघराकडून एका गल्लीत शिरलो. दुकानदाराने सांगितले होते, "सीधे जाव, तांबे की देग दिखेगी." हॉटेल म्हणावे असे काही नव्हते. पत्र्याचे छप्पर, चार टेबले, पाण्याचे स्टीलचे जग. दाराशीच भट्टीवर कल्हई केलेली मोठी देग, तिचे तोंड कापडाने बांधलेले आणि त्यावर झाकण. शेजारी टोपलीत जुन्या चादरीत गुंडाळलेल्या नान. मागच्या बाजूला हिरवा पडदा लावून 'फॅमिली' केलेली. भिंतीवर भावाचा फलक होता, त्यावर दोनच ओळी : खलिया, नान. तिसरी ओळच नव्हती. पोऱ्याला विचारले, "और क्या है?" तो म्हणाला, "लिंबू है."

नांदेड-परभणीकडच्या वाचकांनी नान-खलिया नुसता ऐकला असेल, म्हणून थोडे सांगतो. नान आपल्या हॉटेलातल्या तंदुरी रोटीसारखी नसते. ती गोल, जाड आणि मऊ असते. खमीर घालून फुगवलेली, वरून हळदीच्या पाण्याचा हात फिरवलेली, त्यामुळे पिवळसर आणि तकाकीची. आमच्याकडे अर्धापूर-वसमत भागात हळदीची शेतेच्या शेते आहेत. पण ती रोटीला लावायचे आम्हाला कधी सुचले नाही. खलिया म्हणजे गोश्ताचा पातळ सालन. तळलेला कांदा, आले-लसूण, दही, खसखस, सुके खोबरे, अख्खा गरम मसाला आणि सगळ्यावर लाल तर्री. देग लाकडावर मंद चढवतात. घाई केली तर मसाला वेगळा आणि गोश्त वेगळे लागते. प्लेटमध्ये दोन बोट्या, एखादे नळीचे हाड आणि बाकी शोरबा. खरे खाणे शोरब्याचेच. नान तोडायची, बुडवायची आणि ती शोरबा पिऊन जड झाली की उचलायची.

पहिला घास घेतला आणि चौघेही गप्प झालो. तिखट होते, पण जाळणारे नव्हते. अम्मीला दातांचा त्रास. ती मटण चावत नाही, नुसते चोखून ठेवते. त्या दिवशी तिच्या प्लेटमध्ये हाडाशिवाय काही राहिले नाही. बहीण लग्न ठरल्यापासून कमी जेवत होती. तिने दोन नान खाल्ल्या आणि तिसरी अर्धी करून वहिनीला दिली.

या जेवणाची एक कहाणी शहरात जो तो सांगतो. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेसाठी हे जेवण निघाले. हजारो माणसांना एकदम खाऊ घालायचे, भांडी थोडी, वेळ थोडा. म्हणून एक देग आणि एक भट्टी. औरंगाबादेत हिमरूच्या विणकरांचे येणेही त्याच सुलतानाच्या नावावर जमा आहे. शिकवणाऱ्या माणसाला खोड असते, म्हणून सांगतो : ज्या लाल तर्रीवर आपण जीव टाकतो, ती मिरची या देशात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. तेव्हा तुघलकाच्या शिपायांनी जे खाल्ले असेल, त्याचा रंग तरी हा नव्हता. 'क़लिया' हा शब्द अरबीतला, तळणे-परतणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याच्या यादीत क़लियाचे नाव आहे. म्हणजे शाही दस्तरखानावरचा पदार्थ दख्खनमध्ये येऊन हमालाच्या प्लेटमध्ये उतरला. फौजेची कहाणी खरी असो वा नसो, हे उतरणे आम्ही त्या दुपारी डोळ्यांनी पाहिले. शेजारच्या टेबलावर दोन रिक्षावाले होते, एक भंगारवाला होता आणि एक वकील काळा कोट खुर्चीला अडकवून जेवत होते.

पत्नीने फलकाकडे बघत हळूच विचारले, "यहाँ शादियों में भी यहीच रहता क्या?"

पोऱ्याने ऐकले. "हौ. नान-खलिया. दस्तरखान बिछाया, बैठे, खाये, उठे."

"इतनाच?" अम्मी म्हणाली.

"इतनाच."

अम्मी थोडा वेळ बोटे चाटत राहिली. मग म्हणाली, "यहाँ चलता होगा. हमारे इधर नाक कटेगी."

बिल द्यायला आम्ही पडद्याबाहेर आलो. चार प्लेटचे दोनशे चाळीस, आठ नानचे ऐंशी, एकूण तीनशे वीस. तेवढ्यात शाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. ते मराठी माध्यमाकडून आमच्या शाळेत मराठी शिकवायला आलेले, आमचे जिवाभावाचे. निकालपत्रकाचे काही अडले होते. दोन मिनिटे त्यांच्याशी मराठीत बोललो, फोन ठेवला आणि त्याच नादात गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकाला मराठीतच विचारले, "हे मटण कशाचं आहे हो?"

आमच्या डोक्यात पाचशे माणसांचा हिशेब होता. बकऱ्याचे असेल तर हा भाव परवडतो कसा आणि मोठ्याचे असेल तर शंभर माणसांना किती लागते, एवढेच विचारायचे होते.

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले. अंगात पँट-शर्ट, दाढी नाही, डोक्यावर टोपी नाही, तोंडात मराठी. घरच्या बायका पडद्यामागे. तो काही बोलला नाही. गल्ल्याचा खालचा खण ओढला, एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी केलेला कागद काढून आमच्यासमोर उलगडून धरला. कत्तलखान्याची पावती. त्या दिवशीची तारीख, म्हशीची नोंद, शिक्का. "देख लो साहब," तो म्हणाला, "भैंस का है. रोज की रोज रखता."

हात थरथरत नव्हते, आवाजही चढला नव्हता. रोजचे काम करावे तसे त्याने केले. तेच जास्त लागले. मागच्या टेबलावरचे रिक्षावाले जेवायचे थांबले होते.

"चाचा, हम वो नहीं पूछरे थे," आम्ही म्हणालो. शब्द नीट निघेनात. "हमारी बहन की शादी है. हिसाब पूछरे थे. हम हदगाव के हैं, उर्दू इस्कूल में पढाते."

त्याने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. मग कागदाची घडी केली, पिशवीत घातली, खण बंद केला आणि हसला. "तो उर्दू में पूछना था ना, मियाँ!"

आम्हीही हसलो. पण ते हसणे घशाखाली उतरले नाही. आम्ही मराठीत लिहितो. मराठी ही आमच्या गावाची, शेताची, बाजाराची भाषा आहे आणि ती परक्यांची भाषा नाही, हे सांगण्यात अर्धी उमर गेली. आणि इथे आपल्याच भावाला, आपल्याच तोंडची मराठी ऐकून, पावती काढावीशी वाटली. चूक त्याची नव्हती. आमची होती का, ते अजून ठरवता आलेले नाही.

चाचाने स्टूल ओढून दिले. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 मध्ये तो कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला. त्याचा सगळा धंदा तोवर बैलाच्या गोश्तावर होता. कायदा झाला तेव्हा तीन महिने देग पालथी पडून होती, असे तो म्हणाला. बकऱ्याचे करून पाहिले, तर प्लेटचा भाव असा झाला की हमाल दारावरून वास घेऊन पुढे जाऊ लागले. मग म्हशीवर आला. म्हशीला मुभा आहे. पण म्हैस की बैल, हे प्लेटमध्ये बघून कोण ओळखणार? म्हणून ती पिशवी. "कायदा अपनी जगा," तो म्हणाला, "अपन कायदे से चलते. मगर खाने के पहले कागद दिखाना पडा ना, तो पकानेवाले का दिल मरता."

मग आमच्या हिशेबाकडे वळला. शंभर माणसांना पंधरा किलो गोश्त, माणशी दोन नान. नान आदल्या रात्री लावून कापडात बांधल्या तर दुसऱ्या दुपारपर्यंत मऊ राहतात. पण हदगावात भट्टी कोण लावणार? नानबाई इथून न्यावा लागेल. त्याचे भाडे, त्याची माणसे, लाकूड. शिवाय तुमच्यासोबत काम करणारे हिंदू मास्तर येतील, त्यांना काय वाढणार? त्याने सगळे बोटांवर मोजले आणि मानच हलवली.

"तुम्हारे इधर पहले क्या पकता था शादियों में? तुम्हारे दादा के जमाने में?"

"बगारा खाना और दालचा," आम्ही म्हणालो.

"फिर?" त्याने विचारले. "फिर हमारा खलिया कायकू लेके जाते? यहाँ जो पकता वो यहाँ का है. वहाँ का तुम पकाव."

यात मोठे काही सांगितल्याचा आव नव्हता. गिऱ्हाईक आले, तो देगेकडे वळला. झाकण काढले तेव्हा तळाशी जेमतेम आठ-दहा प्लेटचे उरले होते. तीनला दुकान बंद होते.

बगारा खाना म्हणजे बघार दिलेला भात. तेलात कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, पुदिना, शहाजिरे, लवंग, दालचिनी. त्यात तांदूळ शिजवायचा. दालचा म्हणजे हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, त्यात दुधी, चिंच आणि थोडे गोश्त. हैदराबादच्या निजामी मुलखात, नांदेडपासून तेलंगणापर्यंत, गरिबाच्या लग्नात हेच असे. आमच्या अब्बांच्या लग्नात हेच होते. लहानपणी मोहल्ल्यात बगाऱ्याचा वास सुटला की आम्ही पोरे आमंत्रणाची वाट बघत नसू. आता ते मय्यतीच्या घरी किंवा फातिहाला उरले आहे. लग्नात दालचा केला तर लोक विचारतात, घरात कोणी वारले का?

परतीच्या गाडीत अम्मी आणि आम्ही जालन्यापासून सेलूपर्यंत भांडलो. अम्मी म्हणत होती, उमरखेडवाल्यांनी तोंडाने एक गोष्ट मागितली, तीही आपण देऊ नये? दालचा वाढला तर पोरीला जन्मभर ऐकावे लागेल. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पत्नी आमच्या बाजूने होती, पण सासूसमोर तोंड उघडत नव्हती. खिडकीशी बसलेली बहीण शेवटी म्हणाली, "भाई दो साल कर्जा फेडेगा और मैं वहाँ बैठ के चिकन खायी बोलके शुक्र करूँ? ताने सुनने के हैं तो दालचे के सुन लूँगी."

त्यानंतर परभणी येईपर्यंत कोणी बोलले नाही.

पुढच्या जुम्म्याला आम्ही उमरखेडला गेलो आणि मुलाच्या वडिलांना स्पष्ट सांगितले : एकच खाना होईल, बगारा आणि दालचा, बकऱ्याचे गोश्त, पोटभर. मीठ्याला खुबानी. यापेक्षा जास्त कर्जाशिवाय जमणार नाही आणि कर्ज काढणार नाही. ते बराच वेळ तसबीहचे मणी सरकवत बसले. मग म्हणाले, "आपकी मर्जी." चहा आला. चहात साखर नेहमीपेक्षा कमी होती की आम्हालाच तसे वाटले, कोण जाणे.

लग्न जानेवारी 2020 मध्ये झाले. पकवायला मोहल्ल्यातलेच बावर्ची, आमच्या अब्बांच्या वयाचे. कित्येक वर्षांनी कोणी त्यांना लग्नाचा दालचा सांगितला होता. रात्रभर देगेजवळून हलले नाहीत. एक देग बिनगोश्ताची केली. ती वेगळ्या चुलीवर, वेगळ्या डावाने. शाळेतले सहकारी, अब्बांच्या जिनिंगमधले जुने सोबती, शेजारच्या गल्लीतले कंडक्टर, असे चाळीस-पन्नास हिंदू पाहुणे होते. पूर्वी अशा वेळी त्यांच्यासाठी कोपऱ्यात पुरी-भाजीचे वेगळे टेबल लागायचे आणि ते बिचारे लवकर उरकून निघायचे. यावेळी भात सगळ्यांचा एकच होता. आमचे मराठीचे सहकारी दस्तरखानावर मांडी घालून बसले. त्यांनी दालचा तीनदा मागून घेतला आणि विचारले, "हे तुम्ही लोक रोज का नाही करत?"

मामूंनी खर्चाचे कागद जोडले तेव्हा एकूण आकडा बावन्न हजारांवर थांबला. तो आमच्या बचतीतून आणि अम्मीच्या दोन बांगड्यांतून निघाला. बांगड्यांचे लिहायचे नव्हते. पण नाही लिहिले तर हिशेब खोटा ठरेल.

बारातीतल्या काही तरुणांनी हात धुताना मोठ्याने विचारले की चिकन संपले का. मुलाच्या वडिलांनी ते ऐकले आणि मान खाली घातली. निरोपाच्या वेळी त्यांनी आम्हाला गळामिठी दिली, पण खाना कसा झाला हे काही बोलले नाहीत.

दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली. पुढे परवानगी मिळाली ती पन्नास माणसांपुरती आणि मोहल्ल्यात घरातल्या घरात निकाह झाले. कोणाची नाक कटली नाही. वाटले होते, आता तरी रिवाज बदलेल. 2022 पासून पुन्हा छापील कार्डे आली; त्यांत आता चायनीजचा स्टॉलही असतो.

बहिणीला दोन मुले आहेत. ईदला येते तेव्हा सासरचे सगळे सांगते, चांगलेच जास्त सांगते. एवढ्यात एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेले की तिकडच्या बायका तिला अजून 'दालचेवाली' म्हणतात. अम्मीने ऐकले आणि उठून आत गेली. आम्ही विचारले, "बुरा लगता?" ती मुलाला भरवत होती. म्हणाली, "पहले लगता था." मग म्हणाली, मागच्या महिन्यात नणंदेचे लग्न ठरले, तेव्हा सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरातून बोलावून घेतले आणि विचारले की पाचशे माणसांच्या दालच्याला डाळ किती लागते.

"तू क्या बोली?"

"मैं बोली, भाई कू पूछ के बताती."

बावर्ची दोन वर्षांपूर्वी वारले. कागद शोधतो आहोत. मामूंच्या हातचा होता. त्यात डाळीचा आकडा असायला हवा.